अकरा अर्धवट चाकं

१

जेवणाच्या टेबलावर अकरा लाकडी चाकं मांडून ठेवली होती. पंचनाम्याला जप्त केलेला माल मांडतात तशी, ओळीत, नीट अंतर सोडून. प्रत्येकाचे दाते आखीव होते, पण एकही चाक फळीतून सुटलेलं नव्हतं. लेझरने रेघ मारली होती आणि काम अर्ध्यावर टाकलं होतं.

चाकं घरमालक सेतुमाधवमामांची. वय एकाहत्तर, आयुष्य एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये उपकरणं दुरुस्त करण्यात गेलेलं, आणि निवृत्तीनंतर एकच नाद, लाकडी घड्याळं. दोन वर्षांपूर्वी चाकं कापायला म्हणून त्यांनी आणि मी मिळून एक छोटं लेझर मशीन घेतलं. हौशी लोक घेतात तसलं, निळा किरण सोडणाऱ्या डायोडचं. मी अनिकेत, मूळचा सांगलीचा, चेन्नईजवळ सिरुसेरीत नोकरीला आणि शहरातल्या नुंगंबाक्कमच्या या घराच्या गच्चीवरच्या खोल्यांत भाडेकरू. आल्या दिवशी मी घरमालकिणीला काकू म्हणालो तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. गल्लीतले सगळे त्यांना कनकामामी म्हणतात. हे तंजावरकडचं मराठी घर, त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला पोथी ऐकतोय असं वाटायचं.

पंचनामा मांडला होता त्यांच्या मुलीने, रंजनीने. ती हैदराबादेहून शुक्रवारी दुपारी आली होती. तिला मराठी समजतं सगळं, पण मनातलं बोलायचं तर ती इंग्रजीत बोलते, आणि चिडली की तमिळमध्ये. त्या दिवशी ती तिन्ही भाषांत बोलत होती. तीन आठवड्यांत अकरा फळ्या वाया गेल्या, अप्पा, म्हणजे मामा, रोज म्हणतात लेझरची ताकद गेली, आणि मशीन तर ठणठणीत आहे, असं तिचं म्हणणं.

तिचा मुद्दा समजायला एवढंच पुरे. लेझरचं डोकं फळीपासून नेमक्या उंचीवर असावं लागतं. त्यासाठी मामांनी एक पितळी ठोकळा घासून तयार केलाय. तो फळीवर ठेवायचा, डोकं त्यावर टेकवायचं, स्क्रू आवळायचा, ठोकळा काढून घ्यायचा. हे विसरलं तर किरण पसरतो आणि लाकूड कापण्याऐवजी नुसतं भाजतं. अप्पा नेमकं हेच विसरतात, असं रंजनीने ठरवून टाकलं होतं. आणि जो माणूस ठोकळा विसरतो तो उद्या डोळ्यांवरचा चष्मा विसरेल. लेझरसमोर तेवढी एक चूक पुरते, डोळे जातात. तिची भीती खोटी नव्हती.

रविवारी सकाळी दहाला टॅक्सी येणार होती. दोघांनाही ती हैदराबादला नेणार, सोमवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे दाखवणार, आणि नंतर हे घर बंद. मशीन विकायचं.

आता माझं पाप सांगतो. मशीन ठणठणीत आहे हे तिला फोनवर सांगणारा मीच होतो. मामांच्या तक्रारीवरून मी तीन वेळा संध्याकाळी मशीन चालवून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा लोण्यासारखं कापलं होतं. मी मोठ्या ऐटीत निर्णय दिला. मशीन बरोबर असेल तर चूक कोणाची उरते, हा विचार करण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मामा सगळं ऐकून घेऊन फक्त "सरि" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मग मला जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अनिकेत, मी ठोकळा लावतों. रोज लावतों. पण असकं, सगळं घर नाही म्हणतंय, तर आतां माझीच मला खातरी वाटत नाही."

२

मी वर गेलो आणि तनयाला फोन लावला. तनया माझी कॉलेजातली मैत्रीण, ओरगडमजवळ गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. खराब दिव्यात नेमकं काय खराब आहे हे शोधायचा तिला पगार मिळतो. बोलायला फटकळ, जेवायला दणकट, आणि समोरच्याचं ऐकताना मान तिरकी करून असं बघते की माणूस न विचारलेलंही सांगून टाकतो. दीड तासात ती पोचली.

मशीन मामांच्या झोपायच्या खोलीत होतं, खिडकीखाली, त्यांनी स्वतः बनवलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीत. तनयाने पेटीचं झाकण उघडलं आणि दोनदा शिंकली.

"देवळात आल्यासारखं वाटतंय इथे," ती म्हणाली.

मी म्हटलं, या घरात सकाळ-संध्याकाळ आरती असते, तू मुद्द्यावर ये. मला या घराचा वास येणं केव्हाच बंद झालं होतं. तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

मग तिने अकरा चाकं मागवली आणि एकेक करून भिंगाखाली धरली. दहा मिनिटं त्यातच गेली. रंजनी दारात हाताची घडी घालून उभी. मामा पलंगाच्या कडेला, निकालाला बसलेल्या मुलासारखे.

"रेघ बारीक आहे," तनया म्हणाली. "सगळ्यांवर बारीक आहे. खोल नाही, पण बारीक आहे."

रंजनीने विचारलं, त्याने काय होतं. तनयाने समजावलं की ठोकळा विसरला असता तर किरण पसरला असता आणि रेघ जाड, भाजलेली, फिसकटलेली आली असती. इथे रेघ केसासारखी आहे. म्हणजे उंची बरोबर होती. माणसाने आपलं काम चोख केलं होतं, किरणातच दम नव्हता.

"मामांनी ठोकळा लावला होता," ती म्हणाली. "अकराही वेळा."

मामांनी मान खाली घातली. रंजनी मात्र एका रेघेने बधणारी नव्हती. मग संध्याकाळी तेच मशीन कसं कापतं, असा तिचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता.  तनया एवढंच म्हणाली, की सकाळी मशीनला काहीतरी होतं किंवा कोणीतरी काहीतरी करतं.

या घरात त्या मशीनला हात लावणारी माणसं तीनच होती. त्यातला एक मी.

३

तिने आधी मलाच धरलं. तीन आठवड्यांपूर्वी तू काय केलंस, असं सरळ विचारलं. मी चपापलो, कारण त्याच सुमारास मी मशीनचं सॉफ्टवेअर नवीन टाकलं होतं. तिने लॅपटॉप उघडून सगळे आकडे तपासले. ताकद पूर्ण, वेग ठरलेला, सकाळी आणि संध्याकाळी एकच फाइल. माझी सुटका झाली, पण थोड्या वेळापुरती आरोपी होणं कसं असतं ते कळलं. मामा तीन आठवडे तसे होते.

दुसरा शार्दूल, माझा खोलीतला जोडीदार. तो कधीमधी संध्याकाळी या मशीनवर चामड्याच्या कीचेन कोरतो. तनयाने त्याला बिस्किटं खायला घातली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग डायोडला करंट देणाऱ्या सर्किटवरच्या बारक्या स्क्रूबद्दल विचारलं. शार्दूलचा चेहरा उतरला. मार्चमध्ये जाड ॲक्रिलिक कापायच्या नादात त्याने तो स्क्रू पाव फेरा वर फिरवला होता, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

मी त्याच्या अंगावर धावूनच जाणार होतो. जास्त करंट दिला की डायोड आतून जळत जातो आणि कायमचा मंदावतो, हे मलाही माहीत होतं. चोर सापडला असं मला वाटलं. रंजनीलाही वाटलं असावं, कारण ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

तिसरे मामा. त्यांच्याशी तनया सर्वांत जास्त वेळ बोलली. ते नीट, क्रमाने सांगत गेले. महिन्याभरापूर्वी डोळ्यांना धोका नको म्हणून मशीनभोवती बंद पेटी केली. काही दिवसांत पेटीत मुंग्यांची रांग लागली, सर्किटपर्यंत. मग मुंग्या आपोआप गेल्या. त्याच सुमाराला ताकद गेली. रात्री ते याच खोलीत एसी लावून झोपतात, सहाला उठून आंघोळ, साडेसहाला पहिली फळी. ती कापत नाही. लेझरच्या तोंडावरची काच उघडून बघतात, तर स्वच्छ. दुसरी फळी लावली तर कापली जाते. दुपारी एसी बंद, खोली तापते, ते बाहेरच्या खोलीत पडतात.

"दुसरी कापली जाते?" तनयाने विचारलं. "हे आधी कोणी का नाही सांगितलं?"

"सांगिटलों," मामा म्हणाले. "त्यावर रंजनी म्हणाली, बघा, दुसऱ्या वेळी ठोकळा आठवतो."

एवढ्या वेळात कनकामामींनी तीनदा कॉफी आणली. डबरा आणि टंबलर, म्हणजे वाटी आणि उभा पेला, ठेवायचं, रिकामं उचलायचं, निघून जायचं. त्यांना कोणीच काही विचारलं नाही. मशीनला त्यांनी आजवर बोट लावलेलं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांच्या सामानाला हात लावायचा नाही, हा त्या घरातला लग्नापासूनचा नियम.

निघताना जिन्यात मी म्हटलं, शार्दूलचं काय करायचं? तनया चपला घालत म्हणाली, "शार्दूल गाढव आहे, पण गुन्हेगार नाही. जळलेला डायोड संध्याकाळी जिवंत होत नाही."

४

शनिवारी सकाळी साडेसहाला ती हजर. येताना तिने एक काळा रंगवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा आणला होता, त्याला थर्मामीटर अडकवलेला. किरण त्यावर एक मिनिट सोडायचा आणि ठोकळा किती तापतो ते बघायचं. लेझरची ताकद मोजायची ही गरिबाची रीत, पण खोटं बोलत नाही. दुसऱ्या हातात मीटर, डायोडला जाणारा करंट मोजायला.

सगळ्यांनी संरक्षक चष्मे चढवले. रंजनीनेही. मामांनी पितळी ठोकळा लावला, डोकं टेकवलं, स्क्रू आवळला, ठोकळा काढून रंजनीच्या हातात दिला. तिने तो मुठीत धरून ठेवला.

एका मिनिटात ॲल्युमिनियम अकरा अंश तापलं. तनयाने आकडा दोनदा वाचला. कंपनीच्या दाव्याप्रमाणे एकोणीस-वीस हवे होते. करंट मात्र पूर्ण, तसूभरही कमी नाही. शार्दूलचा स्क्रूही तिने तपासला. तो पाव फेरा त्याने नंतर घाबरून परत फिरवून ठेवला होता.

"ताकद खरंच कमी आहे," ती रंजनीकडे बघून म्हणाली. 

मग तिने मशीन बंद केलं आणि डोक्याच्या तळाची काच काढली, जिच्यातून किरण बाहेर पडतो. मला खात्री होती, धूर बसून काळी झालेली असणार, पुसू, आणि संपेल सगळं. तिने काच खिडकीकडे धरली, फिरवून पाहिली, टॉर्च मारला.

काच लख्ख होती.

काच परत बसवली, फळी ठेवली, मशीन लावलं. चाक फळीतून टक्कन सुटून खाली पडलं. पुन्हा ठोकळा तापवला. अठरा अंश.

रंजनीने चष्मा काढला. ती ओरडली नाही, उलट आवाज मऊ झाला होता, आणि तेच वाईट होतं. ती इंग्रजीत म्हणाली की तुम्ही चांगली मुलं आहात, तुम्हाला अप्पांची काळजी आहे हे मला दिसतं, पण तुमच्या समोर मशीन चालतंय. प्रत्येक यंत्राला सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. अप्पांना एवढं कळत नसेल, तर मी त्यांना इथे एकटं कसं सोडू? आणि ती बॅगा काढायला गेली.

एकटं कसं, मामी आहेत की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मामी दारात उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसलो.

५

"ती चुकतेय," तनया गच्चीवर म्हणाली. दुपारचे चार, उन्हाने फरशी पोळत होती, आणि ही बाई डोक्यावर टॉवेल घेऊन येरझारा घालत होती. "डायोड गार असताना जास्त उजेड देतो. तापला की मंदावतो. सगळे डायोड असेच वागतात. आपला उलटा वागतोय. गार असताना कमी, तापल्यावर पूर्ण. म्हणजे डायोड निर्दोष आहे. उजेड तयार होतोय, बाहेर येत नाहीये. मध्ये काहीतरी आहे."

मी म्हटलं, मध्ये फक्त काच आहे, आणि ती तू स्वतः पाहिलीस.

"कधी पाहिली?"

"मशीन बंद करून."

"मशीन चालवून झाल्यावर," ती म्हणाली आणि थांबली.

पुढचं तिने भराभर सांगितलं. आपण सगळे, मामा धरून, आधी मशीन चालवतो, बिघाड दिसला की मग काच उघडतो. तोवर किरणाने आणि पंख्याने काच तापलेली असते. काचेवर जे काही असतं ते उडून गेलेलं असतं. आपणच रोज सकाळी पुरावा जाळतो आणि मग पुरावा शोधतो. संध्याकाळीही काही दिसत नाही, कारण दिवसभर खोली तापलेली असते.

मग ते आहे काय? गारव्यात काचेवर बसतं, तापल्यावर उडून जातं, डाग ठेवत नाही. मी म्हटलं, दव. ती म्हणाली, एसीच्या कोरड्या हवेत दव नाही टिकत. शिवाय दव असतं तर गेली दोन वर्षं असतं. हे तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं. तीन आठवड्यांपूर्वी आणखी काय झालं?

"मुंग्या गेल्या," मी म्हणालो.

"आपोआप?" तिने मान तिरकी केली. "मुंग्या कधी आपोआप जातात का रे? आणि देवघर स्वयंपाकघरात असताना वास मामांच्या खोलीत का येतो?"

तिने पुढे सांगायचं नाकारलं. उद्या डोळ्यांनी दिसलं तरच बोलेन म्हणाली. फक्त मामांना निरोप दिला की रात्री एसी लावा, सकाळी मशीनला हात लावू नका, खिडकी उघडू नका, आम्ही साडेसहाला येतो.

रविवारी आम्ही साडेसहाला खाली उतरलो. मामांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. एसी बंद, दोन्ही खिडक्या उघड्या, पंखा पूर्ण वेगात, आणि पलंगावर रंजनीने बॅगा पसरलेल्या. मामा आंघोळीला गेलेले. चेन्नईची सकाळ खोलीत घुसून बसली होती.

६

तनयाने इकडेतिकडे न बघता खिडक्या धडाधड लावल्या आणि एसी सुरू केला. रंजनी म्हणाली, हे काय चाललंय. तनयाने विचारलं, एसी कधी बंद केला. वीस मिनिटं झाली असतील. तनया खाली बसली आणि पेटीला कान लावावा तसा हात लावला. "पेटी अजून गार आहे. झाकण कोणी उघडलं?" कोणीच नाही.

"मग पाच मिनिटं आहेत आपल्याकडे. रंजनी, तुम्ही इथे या. माझ्या आधी तुम्ही बघायचं."

रंजनी जागची हलली नाही. टॅक्सी, विमान, बॅगा, तिने सगळं मोजून दाखवलं. कालही तुम्ही असंच म्हणालात. मी आयुष्यात कोणाला कधी हात जोडले नसतील, पण तेव्हा जोडले. म्हटलं, मशीन चांगलं आहे हे मी तुम्हाला तीन मिनिटांत सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलंत, आता मला तीन मिनिटं परत द्या. तेवढ्यात मामा टॉवेल खांद्यावर टाकून दारात आले.  रंजनी वडिलांकडे बघत राहिली, मग येऊन गुडघ्यांवर बसली.

तनयाने वीज बंद असल्याची खात्री केली, झाकण उचललं, काच दोन बोटांत धरून काढली आणि रंजनीच्या समोर धरली.

काच पांढुरकी होती. थंडीत गाडीच्या काचेवर साय यावी तशी, आणि टॉर्चच्या उजेडात तिच्यात बारीक सुया चमकत होत्या.

"फुंकर मारा," तनया म्हणाली. "गरम."

रंजनीने तोंडाने हाऽऽ करून श्वास सोडला. दोनदा, तीनदा. तनयाने काच तळहातावर धरून ठेवली. सुया कडेकडेने विरत गेल्या. दोन मिनिटांत काच लख्ख झाली, कालच्यासारखी.

"वास घ्या."

रंजनीने वास घेतला आणि तिच्या तोंडून तमिळ शब्द निघाला. "कर्पूरम."

कापूर. बंद पेटीत दुपारच्या उन्हात त्याची वाफ कोंडते, रात्री एसीने काच गार झाली की तिच्यावर जमते, किरण लागला की उडून जाते. तनयाने सरकत्या दांड्यामागे हात घातला आणि चाचपून कोपऱ्यातून एक चिमुकली पुरचुंडी काढली. हिरव्या रेशमाची, बारीक टाक्यांनी शिवलेली. आत कापराच्या तीन वड्या, झिजून अर्ध्या झालेल्या.

मामांचं डोकं शाबूत होतं. मला नाचावंसं वाटत होतं. पण तनया नाचत नव्हती. तिने पुरचुंडी खिडकीत नेऊन ठेवली आणि लेझरपासून तो कोपरा किती लांब होता ते हाताने मोजलं. जेमतेम वीतभर.

"कापूर पेटतो," ती हळूच म्हणाली. "ठिणगी इकडे उडाली असती तर खोली पेटली असती."

रंजनी उठून उभी राहिली.  तीन आठवडे ती वडिलांना वेडं समजत होती, आणि त्याच तीन आठवड्यांत ते रोज सकाळी आगीशेजारी बसत होते. भीती आणि लाज दोन्ही एकदम आली की माणूस चिडतो.

"कोणी ठेवलं हे?" तिने मराठीत विचारलं, अगदी स्पष्ट मराठीत. "मला नाव पाहिजे."

७

मी शार्दूलचा विचार केला, तोही क्षणभरच. हिरव्या रेशमाला टाके घालणारा शार्दूल अजून जन्मायचा आहे. माझी नजर दाराकडे गेली. कनकामामी हातात कॉफीचा डबरा घेऊन उभ्या होत्या. डबरा हलत होता, कॉफी साडीवर सांडत होती, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

मामांनीही ते पाहिलं.

"मी ठेविला," मामा म्हणाले. "मुंग्यांसाठी. ठेविला आणि विसरलों."

 ते काय बोलले हे समजायला मला वेळ लागला. दोन दिवस आम्ही एकच गोष्ट सिद्ध करायला धडपडत होतो, की हा माणूस विसरत नाही. आणि ती सिद्ध झाल्यावर त्यांनी एका वाक्यात ती उलटी केली. पेटत्या लेझरशेजारी कापूर ठेवून विसरणाऱ्या माणसाला कुठलीही मुलगी घरी ठेवणार नाही. त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. त्यांनी टॉवेल घडी करून खांद्यावर नीट ठेवला, निघायला तयार असल्यासारखा.

तनयाने तोंड उघडलं. ती टाक्यांबद्दल बोलणार होती हे मला दिसलं, आणि मी तिचा हात दाबला. हे सिद्ध करायचं काम आमचं नव्हतं.

रंजनीने डोळे मिटले. "बघा," ती म्हणाली, पण त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. "बघा, अप्पा."

"ते लटकं बोलतात."

मामींनी डबरा जमिनीवर ठेवला. चार पावलं आत आल्या. त्या खोलीत, त्या मशीनशेजारी, मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"मी ठेविलें," त्या म्हणाल्या. "हे आंघोळीला गेल्यावर. वीणेच्या पेटीत ठेवतें, पट्टूच्या, रेशमी साड्यांत ठेवतें, तसा ह्यांच्या पेटीत ठेविला. मुंग्या जाव्यात म्हणून. तुझ्या लग्नाच्या चोळीचा तुकडा तो, रंजनी, कन्ना. हात लावूं नये म्हणून सांगिटलेलं, म्हणून बोललें नाही. आणि तो कापूर हे असं करतो, हें मला काय ठाऊक? तूं ह्यांना वेडं म्हणालीस, अनिकेत म्हणाला मशीन बरं आहे, तर मी सुद्धां तसंच मानलें. माझ्या नवऱ्याला मी वेडं मानलें."

शेवटचं वाक्य त्या कोणालाच उद्देशून बोलल्या नाहीत. मग मामांकडे वळल्या. "तुम्ही जायला निघालां माझ्यासाठी?"

 "तुला ओरडली असती ती," मामा म्हणाले. "मला ओरडून झालंय तिचं. मला सवय झाली."

रंजनी पलंगावर, उघड्या बॅगेशेजारी बसली आणि रडली. मोठ्याने नाही. मामी तिच्याजवळ गेल्या नाहीत, मामा गेले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी तमिळमध्ये बोलले. मला तमिळ बऱ्यापैकी येतं, पण ते मी ऐकलं नाही. तनयाने मला दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

बाहेरच्या खोलीत मी मामांची वाट पाहत थांबलो. ते आल्यावर मी म्हणालो, मामा, मी तुमची तक्रार फक्त संध्याकाळी तपासली, कारण सकाळी माझी बस असते, आणि हे मी तिला सांगितलं नाही. मला वाटलं ते हसून सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. "पुढल्या वेळी एक दिवस बस चुकव," ते म्हणाले, आणि मला ते बरं वाटलं.

दहाला टॅक्सी आली. ड्रायव्हर बॅगा उचलायला आत आला आणि त्याने विचारलं, किती जण.

रंजनीचे डोळे अजून लाल होते. तिच्या बॅगेशिवाय बाकीच्या सगळ्या बॅगा तिने पायाने पलंगाखाली सरकवल्या.

"मी एकटीच," ती म्हणाली.